टॅक्सीची पिवळी पाटी आणि चौथा रिवेट

2016 च्या दसऱ्याला माझी डिझायर टूर दारात आली तेव्हा आई ताट घेऊन उभीच होती. पुढून ओवाळलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि ती कौतुकानं मागं वळली. डिक्कीवरची पिवळीधमक पाटी तिनं जरा वेळ बघितली. मग म्हणाली, "कामून रे, नव्या पातेल्याला भोकं पाडून आणलीस?"

मी हसलो. गाडी घ्यायच्या आनंदात माणूस कशालाही हसतो. पण त्या दिवशी रेडियमच्या दुकानात जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. दुकानातल्या पोरानं पाटी डिक्कीवर धरली, एक डोळा मिटून सरळ आहे का बघितलं आणि ड्रिल मशीन लावलं. खर्र, खर्र, खर्र, खर्र. चार भोकं, चार रिवेट. पुढच्या बंपरला तर भोकही पाडलं नाही, लांबलचक स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये पिळले. एकूण पाच मिनिटं. आणि मी काय करत होतो? मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो. तो व्हिडिओ अजून आहे माझ्याकडं. त्यात मागून माझाच आवाज येतो, "एक नंबर दिसायलीय!"

आमच्या धंद्यात पिवळी पाटी म्हणजे परमिट, बॅज आणि इज्जत एकदमच. पांढरी पाटी खासगी गाडीची, पिवळ्यावर काळी अक्षरं भाड्याच्या गाडीची. विजेवर चालणारी टॅक्सी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर उतरलेला पाहुणा गाडीच्या रंगाआधी पाटीचा रंग बघतो. पांढऱ्या पाटीवर चोरून भाडं मारणारे आमच्या शहरात कमी नाहीत. परमिट नाही, फिटनेस नाही, टॅक्स नाही, आणि भाव आमच्यापेक्षा दोनशेनं कमी. त्यांच्यावर लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल. सांगायचं एवढंच की ही पाटी आम्हाला नीट, सरळ आणि वाचता येईल अशी लागते. ती लावताना गाडीचं काय होतं याचा विचार मात्र आम्ही कुणीच करत नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात पाटीखालून लाल ओघळ आला. कुणी पानाची पिंक टाकली की काय म्हणून मी फडक्यानं पुसला. दुसऱ्या पावसात परत आला. मग एकदा पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन अजिंठ्याला गेलो होतो. जाताना सिल्लोडच्या पुढं पाऊस लागला. हॉटेलवर उतरवताना डिक्की उघडली तर झाकणाच्या आतून घोटभर पाणी सळकन् त्यांच्या बॅगेवर पडलं. बॅगेत कॅमेरा होता. तो वाचला, पण त्या बाईंनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरलेलो नाही. मला वाटलं डिक्कीचं रबर गेलं. रबर बदललं. पाणी यायचं ते येतच राहिलं.

शेवटी आमच्या गल्लीतल्या चाचांना दाखवलं. चाचांनी चाळीस वर्षं डेंटिंगचं काम केलं, आता डोळ्यांनी दमले म्हणून घरीच असतात. त्यांनी झाकण वर करून आतल्या पोकळीत बोट घातलं, ओलं बोट मला दाखवलं आणि म्हणाले, "रबर का कायकू खर्चा किया? पानी तो नंबर पलेट से आरा." रिवेट कालांतरानं सैल होतो, पाटी वाऱ्यानं थरथरते, भोक हळूहळू मोठं होतं. पाणी भोकातून झाकणाच्या पोकळीत उतरतं आणि खाली साठून राहतं. झाकण बंद आहे तोवर काही कळत नाही. उघडलं की ते सांडतं. मी रिवेटच्या डोक्यांवर एम-सील थापलं आणि पुढची काही वर्षं तसंच भागवलं. दिसायला ते फार वाईट दिसत होतं.

मग आली एचएसआरपी, म्हणजे सरकारी नियमाची हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. 1 एप्रिल 2019 नंतरच्या नव्या गाड्यांना ती कंपनीकडूनच लागून येते. त्याआधीच्या गाड्यांना आपल्या राज्यात लावून घ्यायची सक्ती झाली आणि पहिली मुदत होती 31 मार्च 2025. ती मुदत एप्रिल, जून, ऑगस्ट अशी एसटीच्या गाडीसारखी पुढं पुढं सरकत राहिली, त्यामुळं आमच्या स्टँडवरचे निम्मे लोक निवांत होते. मला निवांत बसता येत नव्हतं. टॅक्सीला आठ वर्षांपर्यंत फिटनेस (गाडीची सरकारी तपासणी, आम्ही तिला पासिंग म्हणतो) दोन-दोन वर्षांनी असतो, त्यापुढं दरवर्षी. माझी गाडी नवव्या वर्षात. ऑगस्टमध्ये पासिंग होतं आणि त्याच्या आधी पाटी हवी होती.

बुकिंगची कटकट थोडक्यात सांगतो. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच आत शिरा, कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या लिंकवरून नको. सारखी दिसणारी खोटी दुकानंही मधल्या काळात निघाली होती. गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच-पाच अंक, मोबाइल. चारचाकीचे 745 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 879 रुपये 10 पैसे. केंद्र आणि दिवस आपण निवडायचा. मी मंगळवार निवडला. मंगळवारी वेरूळ बंद असतं आणि सोमवारी अजिंठा. आमच्या धंद्याच्या आठवड्यात या दोन अमावास्या.

पावती हातात आली तेव्हा पहिला विचार आला तो त्या रेडियमवाल्या पोराचा. परत कुणीतरी मशीन घेऊन येणार, परत खर्र. शिवाय यावेळी एक गोष्ट वेगळी होती. जुनी पाटी चुकली तर काढून परत लावता यायची. ही पाटी मागच्या बाजूला स्नॅप लॉकनं बसते. एकदा लॉक आत गेलं की निघत नाही, काढायचं तर तोडावंच लागतं आणि तुटलेलं परत वापरता येत नाही. चोरीच्या गाडीला दुसऱ्याची पाटी लावता येऊ नये म्हणून ती सोय आहे, आणि ठीकच आहे. पण याचा अर्थ असा की पाटीमागचा पत्रा मला परत कधी दिसणार नव्हता. गंज झाकून वरून पाटी मारली असती तर तो आत निवांत वाढला असता.

चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "इतवार को लेके आ. वो लोगों के हाथ में देने के पहले अपन साफ करके देंगे."

रविवारी सकाळी गाडी त्यांच्या दारातल्या लिंबाखाली लावली. चाचांनी आधी मशीनला हातच लावू दिला नाही. पाटीच्या चारी बाजूंनी रंगावर मास्किंग टेप मारायला लावली, एकावर एक दोन थर. मग म्हणाले, एखादं जुनं एटीएम कार्ड आण. ते कार्ड पाटी आणि पत्र्याच्या मध्ये, रिवेटच्या जितकं जवळ जाईल तितकं सरकवलं. ड्रिल घसरलं तर पाटीला लागेल, कार्डाला लागेल, रंगाला नाही. माझ्या बंद पडलेल्या खात्याचा तेवढाच उपयोग झाला.

रिवेट काढायचा म्हणजे तो उपसायचा नसतो. मी स्वतः आधी पेचकस घालून डोकं उचलायला बघितलं होतं आणि तिथं रंगाचा एक टवका गेला होता. ती माझी करणी, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. रिवेटच्या मधोमध बारीक खड्डा असतो. त्यात पोगर ठेवून हातोडीनं हलकंसं ठोकायचं, म्हणजे बिट घसरत नाही. मग रिवेटच्या नळीएवढ्याच जाडीचा बिट लावून मशीन सावकाश चालवायचं. डोकं कापून अंगठीसारखं बिटवर चढलं की थांबायचं. आत घुसायचं नाही, कारण पुढं फक्त पत्राच आहे. खोल जाऊ नये म्हणून चाचांनी बिटवर जुन्या पेट्रोल पाइपचा तुकडा चढवला, टोकाला चार मिलिमीटर बिट उघडा ठेवून. एवढी साधी युक्ती. दुकानातल्या त्या पोराला कुणी सांगितली असती तर!

पहिल्या तीन रिवेटची डोकी बऱ्यापैकी निघाली, उरलेले भाग आत पडले. चौथा मात्र सैल होता, तो बिटबरोबर गरगर फिरायला लागला. फिरणाऱ्या रिवेटला बिट कापू शकत नाही, तो फक्त तापतो आणि भोक रुंदावतो. एका बाजूनं पक्कडीनं दाबून धरला, दुसऱ्या बाजूनं मशीन. डोकं गेलं आणि त्याचाही उरलेला भाग आतल्या पोकळीत टिंग करून पडला. चाचा म्हणाले, "वो तो निकालनाच पडेगा, नै तो जिंदगीभर बजेगा."

तासभर त्यात गेला. माझ्या डिक्कीच्या झाकणाला आतून अस्तर नाही, पण पत्र्याची दुहेरी पोकळी आहे आणि तिला बोट जाईल एवढीच भोकं. दोरीला चुंबक बांधून सोडलं. तीन रिवेटच्या पोलादी पिना चटाचट येऊन चिकटल्या. मी खूश. चाचा हसले. रिवेटची पिन पोलादाची असली तरी बाहेरची नळी ॲल्युमिनियमची असते, तिला चुंबक काय करणार? मग सायकलच्या स्पोकला डबल टेप गुंडाळून आंधळी कोशिंबीर खेळलो. तीन नळ्या निघाल्या.

पाटी बाजूला झाली आणि आम्ही दोघंही जरा गप्प झालो. गंज अपेक्षेइतकाच होता, चार भोकांभोवती चार लालसर वर्तुळं, त्यातलं एक आठ आण्याएवढं. पण गप्प झालो ते त्यासाठी नाही. त्या चार भोकांच्या शेजारी, दोन बोटांच्या अंतरावर, आणखी दोन भोकं होती. चौकोनी, सुबक, कडेला रंग चढलेला, आत पांढऱ्या प्लॅस्टिकचे नट बसवलेले. कंपनीनं पाटीसाठीच दिलेली. एकदाही न वापरलेली.

नऊ वर्षं ती पाटीखाली होती. त्या पोरानं पाटी धरण्याआधी डिक्कीवर एकदा नुसता हात फिरवला असता तरी त्याला ती लागली असती. आणि मला व्हिडिओ काढण्याऐवजी तोंड उघडता आलं असतं. त्या दिवसापासून मी ज्या-त्या गाडीच्या मागं वाकून बघायला लागलोय. बऱ्याचशा गाड्यांना पुढं नाही तरी मागं अशी जागा दिलेली असते. तरी आमच्या स्टँडवर ज्या गाड्यांच्या पाट्या मी काढताना बघितल्या, त्यातल्या बहुतेकांना शेजारी वेगळी भोकं पाडलेली.

चाचांनी रागबिग केला नाही. म्हणाले, "चलो, अब दो छेद काम के, चार छेद बंद."

बंद कसे करायचे यावर आमचा वाद झाला. माझं म्हणणं, वेल्डिंग मारून कायमचं मिटवून टाका. ते म्हणाले, पातळ पत्र्यावर वेल्डिंग मारलं की पत्रा आकसतो, भोवतीचा रंग जळतो, मग अख्खं झाकण रंगवायचं आणि त्याचे पैसे तू देणार. मोठा गंज असता तर गोष्ट वेगळी. इथं त्यांनी पेपर घेतला, गंज घासला, चकचकीत धातू दिसेपर्यंत. कडा घासताना बोटाला पेपर गुंडाळून गोल गोल. ड्रिलचा कीस ओल्या फडक्यानं टिपून घेतला, पुसला नाही. तो लोखंडाचा कीस रंगावर राहिला तर पहिल्याच पावसात त्याचे बारीक लाल ठिपके उठतात आणि मग माणूस म्हणतो, अरे, इथं तर मी भोक पाडलंच नव्हतं! मग गंजावरचं औषध, ते वाळल्यावर रेड ऑक्साइड, त्यावर पांढरा टचअप. चार भोकांत चार रबरी बुचं, आतून सिलिकॉन.

सिलिकॉनची नळी मी मोंढ्यातून आणली होती. चाचांनी टोक कापून वास घेतला आणि परत दिली. सिरक्यासारखा आंबट वास येणारं सिलिकॉन बाथरूमच्या काचेला ठीक, उघड्या लोखंडाला नाही. ते वाळताना आम्ल सोडतं आणि पत्र्याला उलट गंज चढवतं. बिनवासाचं, न्यूट्रल लिहिलेलं आण म्हणाले. भर उन्हात परत गेलो. दुकानदार म्हणाला, "सगळे हेच नेतात की." नेत असतील.

आता सोमवारी भाडं होतं आणि पाटीविना गाडी रस्त्यावर काढता येत नाही. जुनीच पाटी दोन दिवसांसाठी परत लावायची होती. तिची भोकं कंपनीच्या भोकांशी जुळणार नव्हतीच. मी सवयीनं मशीन उचलून डिक्कीकडं वळलो. चाचांनी मनगट धरलं. "गाडी को नक्को. पलेट को मार." पाटी जमिनीवर लाकडावर ठेवली, माप घेतलं, पाटीला दोन नवी भोकं पाडली आणि कंपनीच्या नटमध्ये दोन छोटे स्क्रू. अर्ध्या मिनिटात काम. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मंगळवारी नेमकं हेच कामाला आलं.

पुढच्या बंपरची कथा वेगळी. तो प्लॅस्टिकचा, गंजत नाही, पण फुटतो. आमच्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि डिसेंबरच्या पहाटे हात बधिर होतात. प्लॅस्टिक फुगतं, आकसतं, आणि आवळून बसवलेला स्क्रू त्याला हलू देत नाही. डाव्या स्क्रूपासून एक केसाएवढी चीर निघून खाली चार बोटं गेली होती. चाचांनी चिरेच्या अगदी टोकाला बारीक भोक पाडलं. मला वाटलं आता यांनाही भोकं पाडायचा नाद लागला. पण चीर टोकाच्या गोल भोकाशी आली की तिथंच थांबते, पुढं पळत नाही. नंतर आतल्या बाजूनं बारीक तारेची जाळी ठेवून सोल्डरिंग आयर्ननं ती प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवली. बाहेरून शिवण दिसते, पण तिथं पाटीच येणार होती. आणि ते लांबलचक स्क्रू काढल्यावर कळलं की त्यातल्या एकाचं टोक आत एसीच्या कंडेन्सरपासून बोटभर लांब होतं. एखाद्या खड्ड्यात बंपर दबला असता तर पाटीच्या स्क्रूनं एसीचा गॅस सोडला असता, आणि मी एसीवाल्याला शिव्या घातल्या असत्या.

मंगळवारी नऊ वाजता केंद्रावर पोचलो तर पुढं अकरा गाड्या. पत्र्याच्या शेडखाली एक पोरगा, हातात चार्जिंगचं ड्रिल, कमरेला लॉकची पिशवी. चपळ होता. जुनी पाटी पेचकसानं ओरबाडायची, नवी धरायची, खर्र, लॉक, फोटो, पुढची गाडी. माझ्या पोटात गोळा आला. पण त्या पोराला तरी काय बोलणार? मागं रांग, वर पत्रा तापलेला, आणि प्रत्येक जण म्हणणार माझी गाडी आधी.

माझ्या पुढं एक इर्टिगावाला होता, जालन्याचा, टॅक्सी परमिटची गाडी. त्याची पाकिटातली पाटी काढली तर पांढरी! नंबर बरोबर, रंग खासगीचा. त्या पोरानं लावायला घेतलीसुद्धा होती. मी ओरडलो, "दादा, थांबा!" ती लॉक झाली असती तर पुढचा घोळ कल्पनेतही नको. बिचारा परत बुकिंगच्या चौकशीला गेला आणि मी माझी पाटी आधी हातात मागून घेतली.

उन्हात धरून वाचली. पिवळी. नंबर बरोबर, पुढच्या आणि मागच्या पाटीवर सारखाच. डाव्या बाजूला निळं आयएनडी, वर अशोकचक्राचा होलोग्राम, वीस बाय वीस मिलिमीटरचा, आणि खाली लेझरनं कोरलेला क्रमांक. हा क्रमांक दोन्ही पाट्यांचा वेगवेगळा असतो. पावतीवर पुढचा कुठला, मागचा कुठला ते लिहिलेलं असतं. ते जुळवून बघितलं. मागचे लोक कुरकुरले. कुरकुरू दिलं.

मग त्या पोराला डिक्कीपाशी नेलं. जुनी पाटी मीच दोन स्क्रू काढून उतरवली आणि म्हटलं, "बेटा, ही बघ कंपनीची भोकं. यातच बसव, नवं पाडू नको."

त्यानं नवी पाटी धरून बघितली. "काका, जुळत नाय. पाटीची भोकं जरा आतल्या बाजूनं हायेत. गाडीला पाडावंच लागंल."

"गाडीला नको. पाटीला पाड."

"पाटीला?"

"अरे, पत्राच आहे ना तो, एक मिलिमीटरचा ॲल्युमिनियम. अक्षराला, होलोग्रामला, कोरलेल्या नंबराला लागत नसेल तर अडचण काय?"

त्यानं डोकं खाजवलं, आत जाऊन त्याच्या साहेबाला विचारून आला. साहेब बाहेर आला, त्यानं माझ्या डिक्कीवरचे चार पांढरे ठिपके बघितले, मग माझ्याकडं बघितलं. काय समजायचं ते समजला असावा. "कर," म्हणाला. पाटीला भोक पाडायचं ते त्यांच्याच माणसानं, हे बरं झालं. मी घरी पाडून नेलं असतं तर उद्या कुणी विचारलं असतं, पाटीशी खेळ कुणी केला? पोरानं पाटी लाकडी फळीवर ठेवून नेमक्या जागी दोन भोकं पाडली. पाटीच्या मागं जिथं पत्र्याला टेकणार तिथं मी गाडीच्या बाजूनं पातळ फोमच्या पट्ट्या आधीच चिकटवल्या होत्या, स्पिरिटनं पुसून, म्हणजे पाटी थरथरून रंग घासणार नाही. कंपनीचे प्लॅस्टिकचे नट त्यानं ओढून काढले, भोकात नायलॉनचा वायसर आणि त्यातून लॉक. टक्. दुसरं टक्. ओढून बघितलं, हललं नाही.

बंपरला त्यानं स्क्रू उचलला तो परत लांबलचकच. माझ्या खिशात आखूड होते, स्टेनलेसचे, दोन्हीकडं वायसर घालून. "एवढं आवळू नको रे. हातानं बसला की अर्धा फेरा, बस." तो हसला, "काका, तुमी आमच्याकडं कामाला या." मी म्हटलं, वेरूळ दर मंगळवारी बंदच असतं, येतो.

उरलं काचेवरचं स्टिकर. ते आतून, पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात लागतं. डिझेलला नारंगी, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळं. त्या कोपऱ्यात माझी तुळजाभवानी होती, पहिल्या दिवसापासूनची. पोरगा म्हणाला, "काढू?" मी म्हटलं, हात लावू नको. ओल्या फडक्यानं दहा मिनिटं भिजवून, नखानं कडा सोडवत आईला मीच उतरवलं आणि डॅशबोर्डवर मधोमध आणून बसवलं. रांगेतल्या लोकांनी त्यावर मात्र कुरकुर केली नाही.

पंधरा दिवसांनी पासिंग झालं. पाटीकडं कुणी दुसऱ्यांदा बघितलंही नाही. चाचांना पेढे घेऊन गेलो तर त्यांनी पेढ्याआधी हात धुतले आणि डिक्कीचं झाकण वर करून पोकळीत बोट फिरवलं. बोट कोरडं होतं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरच्या एका कुटुंबाला घेऊन वेरूळला निघालो. रात्रभर पाऊस झालेला, दौलताबादच्या किल्ल्यावर ढग उतरलेले. त्यांच्या बॅगा डिक्कीत कोरड्या होत्या, ते मी निघताना दोनदा बघितलं होतं. एका मोठ्या गतिरोधकावर गाडी उचलली आणि मागून बारीक आवाज आला. टिंग. मागच्या सीटवरची मुलगी म्हणाली, "काका, काहीतरी पडलं वाटतं."

चौथ्या रिवेटची नळी आम्हाला सापडलीच नव्हती.